जुन्या मेनफ्रेमची अनुकृती व्यक्तिगत संगणकावर : हर्क्युलीसची उभारणी व उपयोग

गेल्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत संख्याशास्त्र, भौतिकी, अर्थशास्त्र इत्यादी विषयांत जे संशोधन झाले, त्यापैकी पुष्कळसे आयबीएमच्या मेनफ्रेम यंत्रांवर केलेल्या आकडेमोडीवर आधारलेले आहे. ती यंत्रे आता मोडीत निघाली; मात्र प्रबंधांच्या परिशिष्टांत छापलेले फोरट्रान आज्ञावलींचे पाठ आणि कोठे कोठे फितींवरून उतरवून ठेवलेली माहिती अजून शिल्लक आहे. असा एखादा जुना निष्कर्ष पुन्हा पडताळून पाहावयाचा झाल्यास ती आज्ञावली आजच्या संगणकावर चालविली म्हणजे काम भागले, असे सामान्यतः मानले जाते. हा समज कितपत बरोबर आहे ह्याचा विचार करणे, आणि मूळ यंत्राची अनुकृती आपल्या मेजावरील संगणकावर कशी उभारता येते हे सांगणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. एम्युलेटर म्हणजे काय

एका यंत्राच्या आज्ञा, स्मृती व उपकरणे ह्यांचे वर्तन दुसऱ्या यंत्रावर आज्ञावलीच्या साहाय्याने जसेच्या तसे घडवून आणणाऱ्या साधनास एम्युलेटर म्हणतात. तो जुन्या आज्ञावलीचे भाषांतर करीत नाही. जुन्या यंत्राची प्रत्येक आज्ञा वाचून तिचा मूळ यंत्रावर जो परिणाम झाला असता तोच तो घडवितो. त्यामुळे मूळ कार्यप्रणाली व मूळ फोरट्रान संकलक ही त्यावर तशीच चालतात.

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ह्या यंत्रकुळाची घोषणा केली. १९७० साली सिस्टिम/३७० आले. ह्या कुळाचा एम्युलेटर म्हणजे हर्क्युलीस. रॉजर बाउलर ह्यांनी त्याचा प्रारंभ १९९९ साली केला. तो विनामूल्य मिळतो आणि विंडोज, लिनक्स व मॅकओएस ह्या तिन्हींवर चालतो. त्यावर चालवावयाची कार्यप्रणाली मात्र निराळी मिळवावी लागते. अभ्यासकांसाठी एमव्हीएस ३.८ ही जुनी प्रणाली सोयीची आहे. ती खुलेपणाने वितरित होते. ‘टीके४-’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संचात हर्क्युलीस, एमव्हीएस व संकलक एकत्र बांधून दिलेले आहेत. आजची झेड/ओएस प्रणाली परवान्याखाली असल्याने ती ह्या मार्गाने अनुमतीविना चालविता येणार नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे.

२. उभारणी

संच एका स्वतंत्र पुस्तिकेत, म्हणजे फोल्डरमध्ये, उघडावा. त्यात मूळ यंत्राचे सर्व भाग साध्या फाइलींच्या रूपाने आढळतात. चकती-संग्राहकाची एक फाइल, मुद्रकाच्या कागदाची एक फाइल, असा हा प्रकार आहे. ३३५० जातीच्या एका चकतीवर सुमारे ३१·७ कोटी अक्षरे मावत; आज तिला एका फाइलीहून अधिक जागा लागत नाही. कोणते उपकरण कोणत्या क्रमांकावर जोडले आहे, स्मृती किती आहे, हे रचना-फाइलीत लिहिलेले असते. एमव्हीएस ३.८चे पत्ते २४ बिटांचे असल्याने मुख्य स्मृती १६ मेगाबाइटांपलीकडे नेता येत नाही.

प्रारंभाची आज्ञा दिल्यावर हर्क्युलीस प्रथम यंत्र ‘उभे’ करतो आणि मग चकतीवरून कार्यप्रणाली स्मृतीत आणतो. ह्यानंतर ३२७० जातीच्या दर्शकाचे काम करणारी एक वेगळी आज्ञावली उघडून ती आपल्याच संगणकाच्या ३२७० क्रमांकाच्या द्वाराशी जोडावी. पडद्यावर प्रवेशाचे पान येते. काम संपल्यावर खिडकी तशीच बंद करणे म्हणजे चालत्या मेनफ्रेमची वीज तोडणे होय. आधी प्रणालीला रीतसर विराम द्यावा, नंतरच हर्क्युलीस थांबवावा. प्रयोगास आरंभ करण्यापूर्वी संपूर्ण संचाची एक प्रत बाजूस ठेवणे हे तर अगत्याचेच आहे.

३. काम सोपविण्याची रीत

मेनफ्रेमवर काम ‘सोपवावे’ लागते. ८० स्तंभांच्या कार्डांचा एक गठ्ठा असे ह्या कामाचे रूप असते. आज ही कार्डे म्हणजे फाइलीतील ओळी होत. नियंत्रक कार्डांच्या पहिल्या दोन स्तंभांत // ही खूण असते. ‘जॉब’ कार्ड कामाची ओळख सांगते, ‘एक्झेक’ कार्ड कोणती आज्ञावली चालवावयाची ते सांगते आणि ‘डीडी’ कार्डे माहिती कोठून घ्यावयाची व उत्तर कोठे ठेवावयाचे ते सांगतात. फोरट्रानमध्ये ५ क्रमांकाचे वाचन-साधन एफटी०५एफ००१ ह्या नावाच्या डीडी कार्डाशी आणि ६ क्रमांकाचे मुद्रण-साधन एफटी०६एफ००१शी जोडलेले असते. आज्ञेचा मजकूर ७ ते ७२ ह्या स्तंभांतच असावा लागतो. एक अक्षर ७३व्या स्तंभात गेले तर संकलक त्याची दखल घेत नाही, आणि आज्ञेचा अर्थ बदलूनही चुकीची सूचना मिळेलच असे नाही.

काम पुरे झाल्यावर प्रत्येक टप्प्याचा निर्गम-अंक पाहावा. संकलकाच्या बाबतीत ० म्हणजे निर्दोष, ४ म्हणजे सावधगिरीची सूचना, ८ व त्याहून मोठे अंक म्हणजे दोष.

४. अक्षरसंकेताचा धोका

मेनफ्रेमचा अक्षरसंकेत एब्सिडिक असून आपल्या संगणकाचा आस्की आहे. रोमन वर्णमालेतील पहिले मोठे अक्षर एब्सिडिकमध्ये षोडशमान सी१ तर आस्कीमध्ये ४१ असते. एब्सिडिकमध्ये अक्षरे अंकांच्या आधी येतात, आस्कीमध्ये नंतर; म्हणून क्रमवारी लावण्याच्या साध्या कामाचेही उत्तर दोन्हीकडे निराळे येते. जुनी फाइल आणताना मजकुराचे संकेतांतर करणे योग्यच आहे. परंतु त्याच फाइलीत द्विमान किंवा आवळून लिहिलेल्या दशमान संख्या असतील तर संकेतांतराने त्या नष्ट होतात. असे झाल्यास काम बहुधा ‘०सी७’ ह्या खुणेने मध्येच तुटते, आणि हे तुटणे एका अर्थी सुदैवाचेच समजावे. कारण द्विमान संख्यांच्या बाबतीत चुकीचे उत्तर काही तक्रार न होता छापले जाते.

५. अपूर्णांकांचे गणित

मूळ यंत्राची अनुकृती का हवी, ह्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे आहे. सिस्टिम/३६० कुळात चल-बिंदू संख्या १६ ह्या पायावर लिहितात. एकेरी अचूकतेच्या संख्येत ६ षोडशमान अंक, म्हणजे २४ बिट, असतात. परंतु पहिल्या अंकाच्या आरंभी तीन बिट शून्य असू शकतात. त्यामुळे प्रत्यक्ष अचूकता २१ ते २४ बिटांच्या दरम्यान हेलकावे खाते. शिवाय बेरजेत उरलेला भाग पूर्णांकित न करता छाटला जातो.

एक लहानसे उदाहरण घेऊ. ०·१ ही संख्या दहा वेळा मिळवावयाची आहे. २⁻²⁴ हे एकक धरल्यास ०·१ म्हणजे १६७७७२१·६ एकके. ही संख्या १६७७७२२ अशी पूर्णांकित करून ठेवली तर नऊ बेरजांपर्यंत काहीच गळत नाही. दहाव्या बेरजेस १६७७७२२० एकके होतात. १ म्हणजे १६७७७२१६ एकके. येथे घातांक वाढवावा लागतो, वरची ४ एकके छाटली जातात, आणि उत्तर नेमके १ येते. तीच संख्या १६७७७२१ अशी छाटून ठेवली असती तर उत्तर ०·९९९९९९६४ आले असते. आजच्या संगणकावरील आयईईई पद्धतीच्या एकेरी अचूकतेत मात्र ते १·००००००१२ असे, म्हणजे सातव्या दशांश स्थळी किंचित अधिक, येते. आज्ञावली तीच, पण उत्तरे तीन. बेरजा दहाच्या ऐवजी लक्षावधी असतील, किंवा ‘बेरीज १ झाली की थांब’ अशी अट आज्ञावलीत असेल, तर हा भेद निष्कर्षापर्यंत पोहोचतो. अशा वेळी जुन्या संशोधकाने चूक केली असे म्हणण्यापूर्वी त्याच्या यंत्राचे गणित तपासणे न्यायाचे ठरेल.

६. मर्यादा

हर्क्युलीस एकाच यंत्रकुळाचा आहे. मद्रासच्या आय.आय.टी.मध्ये १९७३ साली आलेल्या ३७०/१५५ वरील काम त्याच्या कक्षेत येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली बसविलेला सीडीसी ३६०० मात्र ४८ बिटांच्या शब्दाचा, सर्वस्वी निराळा संगणक होता. त्यावरील उत्तरांचा पडताळा येथे मिळणार नाही. म्हणून पडताळणीस बसण्यापूर्वी मूळ काम कोणत्या यंत्रावर, कोणत्या संकलकाने व कोणत्या अचूकतेने झाले, हे प्रबंधातून शोधून काढावे. तसेच अनुकृतीवरील वेळेवरून मूळ यंत्राच्या वेगाविषयी अनुमान काढू नये; एम्युलेटर उत्तराची हमी देतो, वेळेची नव्हे.

आपण आज जी आकडेमोड करीत आहोत तीही उद्या कोणास तरी तपासावी लागेल. यंत्र, संकलक व अचूकता ह्यांची नोंद प्रबंधात एका परिच्छेदात करून ठेवली, तर त्या भावी वाचकाचे पुष्कळ श्रम वाचतील.