रानभाजी आधी ताटात, मग काढ्यात

अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, भारंगी उगवते. माझं ठाम मत आहे की या वनस्पतींचा रोजच्या आरोग्याला खरा उपयोग भाजी म्हणून आहे, रोजच्या काढ्याचं औषध म्हणून नाही. सह्याद्रीतलं शेवळंच बघा. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, नुसतं शिजवलं तर घसा खवखवतो. म्हणून बाया त्यात काकडाची आंबट फळं किंवा चिंच घालतात. भाजी कोवळी कधी खुडायची, पाणी कधी फेकायचं, हे जाणणं म्हणजेच मात्रा जाणणं.

‘नैसर्गिक आहे, अपाय कसला?’ असं कुणी म्हणेल. पण 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला, सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीकडे बोट दाखवलं. वाद कुणीही जिंको, ओळख आणि प्रमाण दोन्ही महत्त्वाचंच ठरतं. मग हे सारं ज्ञान भाकड म्हणायचं का? मुळीच नाही! कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपण्यासाठी पद्मश्री मिळाली, ती अशाच घरगुती ज्ञानाची दखल होती.

म्हणून विनंती एवढीच, जाणत्या बाईकडून ओळख पटल्याशिवाय पान तोडू नका, आणि तोडताना मूळ उपटू नका.