पाहुण्यांच्या नेटवर्कातला दुसरा राउटर

गेस्ट नेटवर्कला जोडलेला दुसरा राउटर घरातल्या लॅपटॉपवरून उघडत नाही, तेव्हा बहुधा बिघाड काहीच नसतो. पाहुण्यांच्या फोनला घरचा प्रिंटर किंवा कॅमेरा दिसू नये म्हणून घातलेली ती भिंत आपले काम करत असते.

बाहेरगावाहून अडचण आणखी वाढते. मुख्य राउटरच्या वॅन पानावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होत असेल, तर सेवादाता एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतो आहे. मग आपल्याकडचे पोर्ट फॉरवर्डिंग कितीही अचूक केले तरी व्यर्थ!

उपाय उलट्या दिशेचा आहे: आतल्या राउटरनेच बाहेर संपर्क साधावा. ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली चालणाऱ्या राउटरवर वायरगार्ड हे व्हीपीएन बसवता येते. २०२० मध्ये ते लिनक्स ५.६ च्या कर्नलमध्येच दाखल झाले. राउटर सार्वजनिक पत्ता असलेल्या भाड्याच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करतो. 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह'मध्ये २५ भरले, की दर २५ सेकंदांनी छोटे पॅकेट जाते आणि वाट उघडी राहते. त्याच वाटेने दूरवरून सेटिंगचे पान उघडते. गेस्टची भिंत शाबूत राहते.

दोन्ही राउटर १९२.१६८.१.१ या एकाच पत्त्यावर असतील, तर गोंधळ ठरलेला. दुसऱ्याला १९२.१६८.५०.१ असा वेगळा पत्ता द्यावा.

इंटरनेटवरून थेट लॉगिन देणारे 'रिमोट मॅनेजमेंट' मात्र बंदच हवे. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते म्हणून.