रविवार, पुढचं डावं चाक

सकाळी 6. थंडीचे दिवस. भीमेकडून आलेलं धुकं उसाच्या फडांत अजून बसलेलं आणि अंगणातली गाडी दवानं ओलीचिंब. रात्रीच्या दवानं ब्रेकच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर धरतो. पहिल्या दोन-तीन ब्रेकला तो खरखरतो आणि मग पुसून जातो, त्याची काळजी करू नये. म्हणून आधी रासाईच्या देवळापर्यंत एक चक्कर मारून आलो. खरखर गेली नाही.

परतताना काचा खाली केल्या आणि एका लांब भिंतीला धरून गाडी हळू चालवली. भिंतीवरून आवाज परत येतो, बाजू ओळखता येते. आवाज डावीकडून होता, पुढून. पाय ठेवला की लोखंडावर लोखंड घासल्याची करकर, पाय काढला की कमी. बेअरिंग गेलं असतं तर घुमणारा आवाज वेगाबरोबर वाढला असता, ब्रेक दाबा न दाबा. डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकला असता तर तो ब्रेक न लावताही वाजत राहिला असता.

सकाळी 7. चहा देताना आई म्हणाली, “दिवाळीपासून शिटी वाजतीय गाडीची. मी म्हटलं नव्हतं तुला?” म्हणाली होती. बऱ्याच पॅडांना एक पातळ पत्ती असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला टेकते आणि बारीक शिटी वाजते. तो इशारा असतो. ऊसतोडीच्या घाईत मी तो ऐकून सोडून दिला, आणि शिटीची करकर झाली. उद्या आईला डोळे दाखवायला शिरूरला न्यायचंय. या दिवसांत अंधार पडला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, कितीतरी लाल दिव्याविना. अशा रस्त्यावर हा ब्रेक घेऊन आईला बसवणार नव्हतो.

सकाळी 8. पुतण्या आयटीआय शिकलेला, तो व्हर्नियर आणि टॉर्क पाना घेऊन आला. गाडी सपाट फरशीवर घेतली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मगच जॅक लावला. नुसत्या जॅकवर आम्ही काम करत नाही. ट्रॅक्टरच्या कामाच्या लोखंडी घोड्या आहेत, त्या खाली सरकवल्या.

चाक निघालं. बाहेरचा पॅड दिसला, चांगला पाच मिलिमीटर शिल्लक. इथंच पुष्कळ लोक फसतात: पॅड आहे की, म्हणतात आणि चाक परत लावतात. मी कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला आणि कॅलिपर वर उचलला. आतल्या पॅडचं लायनर संपलेलं होतं. उरली होती ती मागची लोखंडी पाटी, घासून आरशासारखी झालेली.

एकाच चाकातला एक पॅड शाबूत आणि दुसरा संपलेला का? या कॅलिपरचा पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो, आणि अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन अडकली की सगळा भार आतल्या पॅडवर. पुतण्यानं खालची पिन ओढली तर ती हलेना. पक्कडीनं फिरवून काढली. रबरी टोपी फाटलेली, आत फडाच्या रस्त्याची माती, ग्रीसच्या जागी तांबडा गंज.

“काका, पॅड नुसता बदलला असता तर तोही असाच गेला असता,” तो म्हणाला. खरं दुखणं पिनेत होतं.

सकाळी 9:30. डिस्कच्या आतल्या तोंडावर नख अडकेल अशा चऱ्या. काठावर गंजाची कड असल्यानं व्हर्नियर सरळ लावला तर जाडी जास्त भरते. पुतण्यानं दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मोजलं आणि नाण्यांची जाडी वजा केली: 15.2 मिलिमीटर. डिस्कवर किमान 15 कोरलेले. लेथवर घासून घेतली तर ती मापाखाली जाणार. नवीनच घ्यायची, आणि उजव्या चाकाचीही. पुढच्या दोन्ही बाजू सारख्या नसल्या तर जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

सकाळी 11. मोटरसायकलवर पारगावचा पूल ओलांडून दौंड तालुक्यात, केडगावला. दुकानदाराला आधीच फोन केला होता. पॅडचा संच, दोन डिस्क, पिना, रबरी टोप्या, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस. साधं ग्रीस रबर फुगवतं, ते इथं चालत नाही.

दुपारी 1. जेवून पुन्हा बसलो. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळू दिला नाही, तारेनं बांधून ठेवला. धूळ फुंकली नाही, पाण्यानं भिजवून पुसली, कारण ती छातीत जाते. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरनं धुतलं. ब्रेकच्या तेलाच्या डबीचं झाकण उघडून पिस्टन सी-क्लँपनं हळूहळू आत दाबला. तो सरळ गेला, कुठं गळती नाही. डबीत चढलेलं जादा तेल सिरिंजनं काढलं, रंगावर सांडू न देता. या तेलाला हवेतलं पाणी ओढून घ्यायची खोड आहे. डॉट 3 तेल नवं असताना 205 अंशाला उकळतं, पाणी शोषलं की 140 ला. आमचं काळपट झालंय, ते पुढच्या आठवड्यात गॅरेजमध्ये बदलून घेणार.

दुपारी 3. उजवं चाक. तिथले दोन्ही पॅड सारखे झिजलेले, पिना सैल. तरी सगळं बदललं.

दुपारी 4:30. नट आलटूनपालटून समोरासमोरचे आवळले, बोल्ट टॉर्क पान्यानं. गाडी सुरू करण्याआधी पेडल दाबत राहिलो, पहिल्यांदा ते थेट खाली गेलं. सातव्या-आठव्या दाबाला कडक झालं. हे विसरून गाडी काढली तर पहिला ब्रेक लागतच नाही.

संध्याकाळी 5:30. मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत आठ वेळा हळूहळू ब्रेक लावला, पूर्ण न थांबता. मग गार होऊ दिली. करकर नाही, थरथर नाही, गाडी सरळ थांबते.

घरी ब्रेक खोलणार असाल तर बाहेरचा पॅड पाहून चाक लावू नका. आतला पाहा आणि पिना हातानं सरकवून पाहा. पिस्टन दाबला जात नसेल किंवा तेल गळत असेल तर पाना खाली ठेवा आणि गाडी टो करून गॅरेजला न्या, चालवत नेऊ नका.