जुन्या रायफलीचा दस्ता आणि जवसाचे तेल

पुणे-सोलापूर महामार्गाने कासुर्डी आणि यवत मागे टाकून दौंडला पोहोचले, की राज्य राखीव पोलीस दलाच्या पाचव्या आणि सातव्या गटांचे तळ लागतात. महाराष्ट्रातील पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके 'थ्री नॉट थ्री', म्हणजेच ली-एन्फील्ड रायफल होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ समोर तिची मर्यादा उघडी पडली. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला. सेवेतून बाहेर पडलेल्या अशा रायफली संग्रहालयात येतात आणि पुष्कळदा तेथेच त्यांच्या लाकडी दस्त्याचे हाल होतात. कोणी उत्साहाने तो काचकागदाने घासतो आणि वर लाखेचे पॉलिश चढवतो. दिवाणखान्यातील खुर्चीला ती चकाकी शोभेल. शिपायाच्या शस्त्रावर ती कधीच नव्हती.

हा दस्ता मूळचा अक्रोडाच्या लाकडाचा. त्यावर वॉर्निश नसे. लाकूड कच्च्या जवसाच्या तेलात भिजवले जाई. हे तेल उडून जात नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते लाकडाच्या छिद्रांतच घट्ट होते आणि मंद, तांबूस झाक देते. ओरखडा पडला तरी पुन्हा तेलाचा हात फिरवला की भागते. पॉलिशचा थर तडकला, की त्याचे पोपडे निघतात.

शस्त्र परवान्याचे असावे आणि ते रिकामे असल्याची खात्री जाणकाराने करावी, हे वेगळे सांगायला नकोच. लाकूड सोडवतानाही घाई नडते. जुन्या नमुन्याच्या ली-एन्फील्डमध्ये मागचा दस्ता आतल्या लांब बोल्टने बसवलेला असतो. पुढचे लाकूड आधी न उतरवता तो बोल्ट फिरवला, तर पुढचे लाकूड चिरते.

लाखेचा थर स्पिरिटने विरघळतो. मळ टर्पेंटाइनच्या फडक्याने निघतो. मुठीजवळचा काळेपणा मात्र चिवट. वर्षानुवर्षे उभ्या ठेवलेल्या रायफलीतील यंत्राचे तेल तेथे झिरपते, आणि ते कधीच वाळत नसल्याने लाकूड भुसभुशीत होते. खडूची पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून लेप द्यावा, वाळल्यावर झटकावा आणि लेप पांढरा राहीपर्यंत पुन्हा द्यावा. खोक्यांवर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवली, की वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात.

काचकागद मात्र दूरच ठेवावा. दस्त्यावर 'एस' वा 'एल' असे लांबीचे ठसे आणि तपासनिसांच्या खुणा असतात. त्या गेल्या की रायफलीची ओळखच पुसली जाते. शिवाय लाकूड झिजले की मागची पितळी पट्टी कडेने बाहेर डोकावते. अशी रायफल पाहिली की आमच्यासारख्यांना हळहळ वाटते.

शेवटी तेल. तळहाताने अगदी पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने उरलेले पुसावे आणि काही दिवस थांबावे. कच्चे तेल वाळायला वेळ घेते. असे चार-पाच हात द्यायला महिना सहज जातो. जाड थर दिला, तर तो चिकट राहून धूळ धरतो.

आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. वाळताना जवसाचे तेल तापते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात भिजवून पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात.