दशक्रियेला न बोललेले कारण

मध्यंतरी आमच्या काल्हेरच्या खाडीकाठी एका तरुणाच्या दशक्रियेला गेलो होतो. वय अवघे २६. महाराजांचे प्रवचन झाले, चार पुढाऱ्यांनी श्रद्धांजली वाहिली. जो तो म्हणाला, 'ॲटॅक आला.' मुलगा गर्द ओढत होता हे जमलेल्यांपैकी निम्म्यांना ठाऊक होते. मागे त्याचे तीन मित्र खाली मान घालून बसले होते. तेही ओढतात. मी मात्र डॉक्टर असून गप्प बसलो.

पंधरा दिवसांनी त्याची आई दवाखान्यात आली. झोप नाही, रक्तदाब वाढलेला. म्हणाली, "डॉक्टर, भेटायला सगळे येतात, पण त्याचं नाव कुणी काढत नाही." या दुःखावर माझ्याकडे गोळी नव्हती.

गर्द म्हणजे ब्राऊन शुगर अफूपासून बनते. खोकल्याच्या काही औषधांत असणारे कोडीनही त्याच जातीचे. ही द्रव्ये मेंदूतले श्वासाचे केंद्र मंद करतात. वर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर श्वास थांबू शकतो. हृदय बंद पडते ते त्यानंतर. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे. शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस जुन्याच मापाने घेतो. हा मुलगा केंद्रातून येऊन बाराच दिवस झाले होते. घरच्यांना वाटले, सुटला!

त्या मित्रांना हे त्या दिवशी कळायला हवे होते. असा माणूस गाढ घोरू लागला, हलवूनही उठेना, ओठ निळसर झाले, तर त्याला 'झोपू दे' म्हणू नये. कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा. तोंडात मिठाचे पाणी ओतू नये. ते फुप्फुसात जाते. नॅलोक्सोन नावाच्या इंजेक्शनने अफूचा असर उतरतो, पण त्यासाठी वेळेत रुग्णालय गाठले पाहिजे.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे २००१ साली अशा मृतांसाठी ३१ ऑगस्ट हा स्मरणदिन सुरू झाला. आता अनेक देशांत त्या दिवशी घरची माणसे एकत्र येतात, मेणबत्त्या लावतात, गेलेल्यांची नावे घेतात. पुण्याच्या 'मुक्तांगण'मध्ये व्यसनी माणसांच्या बायका 'सहचरी' गटात बसून एकमेकींशी मोकळेपणी बोलतात. आपल्याकडे दहाव्याला अख्खा गाव जमतो; वेगळा मांडव घालायची गरज नाही. घरच्यांची संमती असेल तर एकाने उठून खरे कारण सांगावे. मुलाला नावे ठेवू नयेत. तो कबड्डी कशी खेळायचा हेही सांगावे. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ तिथेच फळ्यावर लिहावी.

त्या आईला मी विचारले, वर्षश्राद्धाला मी बोलू का? बराच वेळ ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "त्याच्या बाबांना विचारते."