पाठदुखी आणि भोवळ: आधी काय झालं?

पाठ दुखणं आणि चक्कर येणं, दोन्ही तक्रारी आपल्या घरांत नेहमीच्या. पाठ धरली की उसण भरली म्हणायचं आणि तेल लावून शेकायचं. चक्कर आली की पित्त झालं किंवा उपास बाधला म्हणायचं. पुष्कळदा ते खरंही असतं. पण पाठीत कळ आली आणि त्याच सुमारास माणूस शुद्ध हरपून पडला, तर दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो. मणक्यातली चकती सरकली, नस दबली, स्नायू लचकला तर वाकता येणार नाही, पायाला मुंग्या येतील; पण त्यामुळे थेट बेशुद्धी येत नाही. मेंदूला पोचणारं रक्त क्षणभर कमी पडलं की माणूस असा कोसळतो. मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर सहा ते दहा सेकंदांत शुद्ध जाते.

म्हणून डॉक्टर पाठीला हात लावण्याआधी वेगळाच विचार करतात: रक्त कमी का पडलं? हृदयाने पुरेसं ढकललं नाही, रक्तवाहिन्या अचानक सैल पडल्या, की रक्त शरीरात कुठेतरी वाहून गेलं? याचं अर्धं उत्तर एका साध्या प्रश्नात असतं. आधी काय झालं, दुखणं की भोवळ?

भोवळ आधी आली आणि पाठ नंतर दुखू लागली, तर पाठीचा मार पडल्यामुळे असू शकतो. हाडं ठिसूळ झालेल्या आजींचा मणका नुसतं जमिनीवर बसकण मारल्यानेही दबतो. फिट आली असेल तर स्नायूंच्या जोरदार आचक्यांनी, न पडताही मणका मोडू शकतो. जीभ कडेला चावली गेली होती का, कपड्यात लघवी झाली का, शुद्धीवर आल्यावर माणूस बराच वेळ गोंधळलेला होता का, हे पाहणाऱ्यालाच सांगता येतं. अशा वेळी मणक्याचा एक्स-रे काढणं योग्यच, पण भोवळ का आली हा मूळ प्रश्न शिल्लक राहतो आणि तो सोडून घरी जाऊ नये.

दुखणं आधी आणि भोवळ नंतर, असा क्रम असेल तर सर्वांत साधं कारण म्हणजे वेदनेचाच धक्का. तीव्र कळेने शरीरातली एक प्रतिक्षिप्त क्रिया जागी होते, नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब घसरतो. पडण्याआधी घाम फुटतो, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. आडवं झालं की मिनिटा-दोन मिनिटांत माणूस ताळ्यावर येतो. मुतखड्याच्या कळेत असं होतं, इंजेक्शनच्या भीतीनेही होतं. हे कारण सर्वांत जास्त आढळतं, पण ते सर्वांत शेवटी मान्य करायचं असतं. जिवावर बेतणारी कारणं नाकारून झाल्याशिवाय ‘दुखण्यामुळे भोवळ आली’ असं म्हणू नये, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

त्या कारणांत पहिली महाधमनी. हृदयातून निघून मणक्याच्या पुढून पोटात उतरणारी ही शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी. पोटात तिचा व्यास साधारण दोन सेंटिमीटर असतो. वय, उच्च रक्तदाब आणि मुख्य म्हणजे विडी-सिगारेट यांमुळे काहींची भिंत कमकुवत होऊन फुगते. तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली की तो फुगवटा धरतात. पुरुषांत तो साडेपाच सेंटिमीटरपर्यंत गेला की शस्त्रक्रियेचा विचार होतो. तोवर बहुधा काहीच जाणवत नाही. आल्बर्ट आइन्स्टाइन यांना हाच आजार होता. १९४८ साली रुडॉल्फ निसेन या शल्यचिकित्सकाने त्यांच्या फुगलेल्या धमनीभोवती सेलोफेन गुंडाळलं होतं. १९५५ मध्ये तो फुगवटा फुटला, पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यायला त्यांनी नकार दिला आणि १८ एप्रिलला ते गेले.

फुगवटा फुटला की कंबरेत किंवा कुशीत भयंकर कळ येते आणि माणूस कोसळतो. फसवणूक होते ती यानंतर. रक्त पोटाच्या मागच्या बंदिस्त जागेत साचलं तर तिथल्या दाबाने गळती काही काळ रोखली जाते. रक्तदाब सावरतो, रुग्ण उठून बसतो, ‘आता बरं वाटतंय’ म्हणतो. कळ कुशीत असल्याने मुतखडा समजून वेदनाशामक इंजेक्शन दिलं जातं. साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच मुतखड्यासारखी कळ आली, तर सोनोग्राफीत महाधमनी पाहून घ्यायलाच हवी.

धमनीचा दुसरा आजार म्हणजे तिच्या आतल्या अस्तराला चीर पडणं. रक्त भिंतीच्या थरांमध्ये घुसतं. दोन फऱ्यांच्या मध्ये काहीतरी टरकन फाटल्यासारखी, पहिल्या क्षणापासूनच असह्य कळ येते आणि कधीकधी ती खाली सरकत जाते. दोन हातांच्या रक्तदाबात मोठा फरक पडू शकतो, म्हणून दोन्ही हातांचा दाब मोजतात. छातीचा एक्स-रे नॉर्मल आला तरी हा आजार नाही असं म्हणता येत नाही. शिरेतून औषध सोडून केलेला धमनीचा सीटी स्कॅन लागतो.

रुग्ण मूल होण्याच्या वयातली स्त्री असेल, तर कोणत्याही स्कॅनच्या आधी लघवीची गरोदरपणाची चाचणी. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत रुजला तर बहुधा सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास नळी फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो. ओटीपोट आणि कंबर दुखते, कधी खांद्याच्या टोकाला कळ जाते, उभं राहताच भोवळ येते. पाळी चार दिवस पुढे गेली आहे किंवा थोडे डाग दिसले आहेत, एवढंच तिला माहीत असतं. कॉपर-टी आहे किंवा नसबंदी झाली आहे, म्हणून ही शक्यता सोडता येत नाही. त्यानंतरही गर्भ राहिलाच तर तो नळीत असण्याचा संभव वाढतो. सासरच्या माणसांसमोर अशा प्रश्नांची खरी उत्तरं मिळत नाहीत. तिला एकटीला विचारावं.

हृदयविकाराचा झटका, विशेषतः मधुमेही आणि स्त्रिया यांच्यात, छातीऐवजी पाठीत जाणवू शकतो. ईसीजी त्यासाठीच, आणि तो पहिल्या दहा मिनिटांत हवा. पाठदुखीमुळे किंवा मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर बरेच दिवस अंथरुणावर असलेल्याच्या पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. धाप लागते, श्वास घेताना पाठीत टोचतं, एक पाय सुजलेला असतो. थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं असेल तर मूत्रपिंडाचा संसर्ग रक्तात पसरून दाब घसरला असेल.

आणि औषधं. पाठीसाठी दिलेलं टिझॅनिडीन रक्तदाब उतरवतं, मुतखडा पडावा म्हणून दिलेलं टॅम्सुलोसिनही उभं राहताना दाब घसरवतं. रोज वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्याच्या जठरात किंवा आतड्यात व्रण होऊन रक्त जाऊ शकतं. शौच डांबरासारखं काळं होतं का, हे विचारायला लाजू नये आणि सांगायलाही.

रुग्णालयात रक्तदाब ठीक असेल तरच आडवं पाच मिनिटं ठेवून, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला दाब मोजतात. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर उभं राहताना दाब पडतो हे सिद्ध होतं. पण तो का पडतो हे शोधायचं उरतंच. रक्तस्राव नुकताच सुरू झाला असेल तर हिमोग्लोबिन नॉर्मल येऊ शकतं, म्हणून त्या आकड्यावर विसंबू नये. कंबरेचा एमआरआय घाईने करण्यात अर्थ नाही. चकती फुगल्याचं मुळीच न दुखणाऱ्या कित्येकांच्या अहवालात दिसतं, आणि तो अहवाल हाती आला की खरं कारण शोधणं थांबतं.

पायाळू माणसाने लाथ मारली की उसण निघते, ही समजूत अजून गावोगाव आहे. भोवळ येऊन पडलेल्याच्या पाठीला लाथ, चोळणं, ओढणं यांपैकी काहीही करू नका. मोडलेला मणका सरकेल. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. सपाट निजवा, उलटी होत असेल तर मान आणि पाठ न पिळता कुशीवर वळवा. दोघांच्या मध्ये बसवून मोटारसायकलवरून नेऊ नका, बसलेल्या स्थितीत मेंदूचं रक्त आणखी कमी होतं. १०८ ला फोन करा. ज्याने पडताना पाहिलं त्याने सोबत जावं, चालू गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घ्यावीत, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगावं: आधी काय झालं, आणि त्यानंतर किती वेळाने काय.