पडद्यामागचा कान

कुत्रं कान खाजवायला लागलं, कानातून आंबूस वास यायला लागला की घरात पहिली शोधाशोध होते ती मागच्या वेळच्या ड्रॉप्सच्या बाटलीची. तेव्हा उतार पडला होता ना, मग आताही पडेल. इथेच घोटाळा होतो.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. पडदा असतो त्या वळणापलीकडे. आपण कापसाने पुसतो तो नुसता दरवाजा. वारंवार कान बिघडतो त्यामागे बऱ्याचदा त्वचेची अ‍ॅलर्जी असते. यीस्ट आणि जिवाणू नंतर येऊन ठाण मांडतात. लॅब्रेडॉर पाळणाऱ्यांना हे दुखणं पाठ असतं, कॉकर स्पॅनियलवाल्यांना तर फारच. दर खेपेला नळीचं अस्तर सुजतं, जाड होतं, पुढे त्यात कॅल्शियम साचतं आणि नळी बुजत जाते. मग औषध आत पोचतच नाही. शेवटी अख्खी नळी काढून मधला कान खरवडण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. त्या कानाचं ऐकणं बहुतेक जातं, पण ठणका थांबतो.

पडद्यामागे पू साचला तर लक्षणं भलतीकडेच दिसतात. चेहऱ्याची नस मधल्या कानाजवळून जाते. ती दुखावली की ओठ लोंबतो, पापणी मिटत नाही, डोळा कोरडा पडतो. दुसऱ्या एका नसेला धक्का बसला तर बाहुली बारीक होते, तिसरी पापणी वर येते. मालक डोळ्याचं औषध मागतो. जबडा उघडताना कुत्रं कळवळतं, तेव्हा दातांवर संशय जातो.

संसर्ग आतल्या कानात शिरला की तोल जातो. मान एका बाजूला कलते, बुबुळं झटके देत हलतात, कुत्रं त्याच अंगाला कोलमडतं, ओकतं. म्हाताऱ्या कुत्र्याला असं झालं की ‘लकवा मारला’ म्हणून लोक मोकळे होतात. क्वचित हा संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंतही जातो. वेळीच उपचार झाले तर तोल बराचसा सावरतो, मान मात्र काहींची कायमची थोडी कलती राहते.

जुन्या बाटलीची भीती याचसाठी. पडदा फाटलेला असेल तर जेंटामायसिन किंवा क्लोरहेक्सिडिनसारखी द्रव्यं आत उतरून ऐकणं आणि तोल दोन्ही बिघडवू शकतात. म्हणून डॉक्टर आधी ऑटोस्कोपने पडदा पाहतात, मळाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. कान फारच दुखत असेल तर त्यासाठी भूलही देतात. खाजवणं थांबलं म्हणून ड्रॉप्स मध्येच सोडू नयेत. ते बंद करायचे ते पुन्हा काढलेली स्लाइड स्वच्छ आल्यावर.